किंग रोडवरची सावकाश संध्याकाळ

मुलाकडे अमेरिकेला राहून आलेल्या निवृत्त आई-वडिलांचं प्रवासवर्णन म्हटलं की वाचकांच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. गोल्डन गेटचा पूल, नायगाराचा धबधबा, मॉलमधली चकचकीत फरशी आणि शेवटी ‘पण आपलं बेळगाव ते बेळगावच’! घाबरू नका, यातलं मी काही सांगणार नाही. मी सांगणार आहे शेजारच्या गॅरेजमधल्या एका साठ वर्षांच्या मोटारीबद्दल. ती जमिनीलगत खाली बसवायची कशी, यावर आम्ही दोन महिने वाद घातला, त्याची ही हकिगत.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता कॅलिफोर्नियात सॅन होजेला पोचलो. मुलाचं घर शहराच्या पूर्व भागात, अॅलम रॉकच्या टेकड्यांखाली. सॅन होजे म्हटलं की आपल्याला संगणकाच्या कंपन्या आठवतात. पूर्वेकडचं सॅन होजे मात्र निराळं आहे. एके काळी हे सगळं खोरं जर्दाळू आणि आलुबुखाऱ्याच्या बागांचं होतं. फळं तोडायला आणि ती डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत राबायला आलेली मेक्सिकन कुटुंबं इथंच स्थायिक झाली. शेतमजुरांचे मोठे पुढारी सेझर चावेझ १९५० च्या दशकात इथल्याच मेफेअर वस्तीत राहत होते. त्या वस्तीचं स्पॅनिश टोपणनाव होतं ‘साल सी प्वेदेस’, म्हणजे ‘जमलं तर बाहेर पड’!

या वस्तीत मला परकं वाटलं नाही. घरात आजी-आजोबांशी स्पॅनिश, दारात पोरासोरांशी इंग्रजी, आणि रागावताना दोन्ही एकत्र. आमच्या घरात तरी दुसरं काय चालतं? सौ.चं माहेर गोकाकचं. देवघरात मराठी, स्वयंपाकघरात कन्नड आणि भांडणात दोन्ही भाषांना सारखा मान!

शेजारी एक आजोबा राहत. वय पंचाहत्तरच्या पुढे, पाठीचं ऑपरेशन झालेलं, फळांच्या कारखान्यातून निवृत्त. त्यांची नात कॉलेजात मोटार दुरुस्तीचा अभ्यासक्रम शिकत होती. ती त्यांना ‘अबुएलो’ म्हणायची. स्पॅनिशमध्ये अबुएलो म्हणजे आजोबा. सौ.ला तो शब्द आपल्या ‘आबा’सारखाच वाटला आणि तिनं दुसऱ्या दिवसापासून त्यांना सरळ ‘आबा’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनीही ते आनंदानं चालवून घेतलं.

एका शनिवारी त्यांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. आत ताडपत्री काढलेली १९६४ सालची शेवरोले इम्पाला उभी होती. जुन्या हिंदी चित्रपटांतल्या श्रीमंत बापाची लांबलचक गाडी आठवा, तीच ही. साडेसतरा फूट लांब, वजन दीड टनाच्या वर. गाडी आबांच्या थोरल्या भावाची. भाऊ वारल्यावर ती कितीतरी वर्षं ताडपत्रीखाली होती. आता आबांची एकच इच्छा होती, ती भावाच्या काळासारखी खाली बसवून किंग रोडवरून एकदा हळूहळू न्यायची.

‘खाली बसवून’ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन तरुणांनी जुन्या गाड्या घेऊन त्या जमिनीलगत उतरवायला सुरुवात केली. कुणी डिकीत वाळूची पोती टाकी, कुणी स्प्रिंगा कापी. इतरांच्या गाड्या उंच आणि वेगवान, तर आमच्या खाली आणि संथ, अशी त्यामागची ऐट. त्यांचा मंत्रच आहे ‘बाहितो इ स्वावेसितो’, म्हणजे खाली खाली, हळू हळू. या गाड्यांना म्हणतात लो-रायडर. १९५८ साली कॅलिफोर्नियानं कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या तरुणानं १९५९ च्या सुमारास तोड काढली. विमानातले हायड्रॉलिक पंप त्यानं आपल्या कॉर्व्हेट गाडीला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचं आणि गाडी वर उचलायची. पोलीस गेला की पुन्हा खाली!

सॅन होजे या हौसेची राजधानीच. ‘लो रायडर’ नावाचं मासिक १९७७ साली इथंच सुरू झालं. किंग रोड आणि स्टोरी रोड जिथं मिळतात, तिथं शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागे. पुढे शहरानं अशा फेऱ्यांवर बंदी घातली. ती आपल्याच पोरांना अडवण्यासाठी आहे, असं या वस्तीला वाटत राहिलं. २०२२ मध्ये सॅन होजेनं बंदी उठवली. १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या नव्या कायद्यानं तिथल्या सगळ्याच शहरांतल्या अशा बंद्या गेल्या आणि १९५८ चं उंचीचं बंधनही सुटलं. आबांनी ताडपत्री काढली ती त्यानंतर.

आता मूळ प्रश्न. गाडी खाली-वर करायची ती तेलाच्या दाबावर, म्हणजे हायड्रॉलिकवर, की हवेवर?

मी चौतीस वर्षं उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कारखान्यात काढली. पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर बनवणारं गाव म्हणून बेळगावला देशभरातले कारखानदार ओळखतात. त्यामुळं आबांनी ‘हायड्रॉलिक’ शब्द उच्चारताच माझी छाती फुगली. “तुमच्या गाडीला मी बसवून देतो,” असं म्हणायचंच तेवढं बाकी होतं! त्यांच्या भावाच्या वेळीही हायड्रॉलिकच होतं. नातीला मात्र हवेचे फुगे, म्हणजे एअर सस्पेन्शन हवं होतं. पैसे एकाच गोष्टीपुरते. मला पंच नेमण्यात आलं.

पंचाला दोन्ही बाजू समजून घ्याव्या लागतात. तेल दाबलं जात नाही. म्हणून हायड्रॉलिकमध्ये ताकद मोठी आणि हालचाल झटक्यात. तिथल्या गाड्या चक्क उड्या मारतात त्या याच जोरावर. पण न दाबणारं तेल धक्काही पोटात घेत नाही. शिवाय डिकीत बॅटऱ्यांची रांग आणि पंप यांचं ओझं, आणि ते धक्के सोसायला चासीला जागोजाग पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात.

हवेचं उलटं. हवा दाबली जाते, म्हणून तीच स्प्रिंगचं काम करते. लोखंडी स्प्रिंग काढायची आणि त्या जागी जाड रबराचा फुगा बसवायचा. आपल्याला हे नवं नाही. बंगळूरहून येणाऱ्या व्होल्वो बसमध्ये खड्डा जाणवत नाही तो अशाच फुग्यांमुळं. खुद्द शेवरोलेनं १९५८ साली आपल्या गाड्यांना हवेची स्प्रिंग देऊन पाहिली होती, पण तेव्हा ती काही चालली नाही. हवेवरची गाडी फारशा उड्या मारत नाही आणि कुठं बारीक गळती असेल तर रात्रीतून खाली बसते. पण चालताना ती मऊ असते.

मी आबांना विचारलं, “गाडीला उड्या मारायच्या आहेत की तुम्हाला पाठ न दुखता बसायचं आहे?” ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “माझा भाऊ उड्या मारायचा. मी शेजारी बसायचो.” नातीनं माझ्याकडे पाहिलं. जन्मभर हायड्रॉलिक विकलेल्या माझ्या तोंडून निघालं, “मग हवाच घ्या.”

एवढ्यानं संपलं असतं तर वाद दोन महिने कशाला चालला असता? फुगे कसले, किती मोठे, इथून सुरुवात. मी कागद घेऊन हिशेब मांडला. पुढच्या एका चाकावर साधारण ४०० किलो धरा. स्प्रिंग आर्मच्या मधोमध बसते, त्यामुळं तिच्यावर जवळपास दुप्पट, ८०० किलो येतात. फुग्याचा व्यास पाच इंच धरला तर दाब येतो दर चौरस इंचाला नव्वद पौंड. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये असते तीसच्या आसपास. फुगा मोठा घेतला की तेवढंच वजन कमी दाबावर पेलतं. पण मोठा फुगा आजूबाजूच्या लोखंडाला घासतो, आणि घासलेला फुगा फाटतोच. म्हणून गाडी अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना, दोन्ही वेळा चहूबाजूंनी बोटभर मोकळी जागा राहील असाच फुगा निवडला.

चारही चाकांना स्वतंत्र हवा द्यायची, हे मी हट्टानं सांगितलं. पुढच्या दोन फुग्यांना एकच नळी जोडली तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी कलंडल्यासारखी झुकते. फुगा फक्त स्प्रिंगची जागा घेतो, शॉकअपची नाही. म्हणून शॉकअप नवे आणि कमी उंचीला जमणारे हवेत. हवेत पाण्याचा अंश असतो, तो टाकीत साठतो. म्हणून टाकीला तळाशी पाणी सोडायची चावी आणि नळीत पाणी अडवणारी गाळणी. आणि सर्वांत आधी ठरवायची ती चालवायची उंची. उभ्या गाडीची शोभा नंतर. चाकांचं अलाइनमेंट त्या चालवायच्या उंचीवरच करायचं, नाहीतर टायर एका कडेनं झिजतात. या इम्पालाचा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे आणि तो चासीच्या मधून जातो. मागची बाजू फार खाली नेली की तोही घासतो. हवा पूर्ण गेली तरी टायर कुठं टेकता कामा नये, एवढी जाड रबरी ठोकळी आत ठेवायची.

एका गोष्टीत मी हरलो. मला साधे हाताचे व्हॉल्व्ह आणि काट्याची घड्याळं हवी होती. कमी भाग, कमी बिघाड. नात म्हणाली, “अबुएलोला काटे दिसत नाहीत. आणि मागं तीन माणसं बसली की तेवढ्याच दाबाला गाडी खाली जाते. दाब म्हणजे उंची नव्हे.” पोरीचं बरोबर होतं. तिनं प्रत्येक चाकाशी उंची मोजणारा सेन्सर असलेला संच घेतला. एक बटण दाबलं की किती का माणसं बसेनात, गाडी ठरलेल्या उंचीवर येते.

खरा प्रसंग पुढेच आहे. एका संध्याकाळी गेलो तर चासीवर खडूनं रेघ मारलेली. तिच्या मित्रांनी सांगितलं होतं, इथं चासी कापून कमान वेल्ड केली की गाडी पार जमिनीला टेकते. कटर आणून ठेवला होता. आबा खुर्चीवर गप्प बसले होते.

मी तिला म्हटलं, “कापायच्या आधी माझी एक गोष्ट ऐक.” ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षांत कुणालाच सांगितली नव्हती. माझ्या मुलालाही नाही, आणि तो त्या वेळी दारातच उभा होता.

१९७९ साली मी बावीस वर्षांचा होतो. वडिलांकडे जुनी फियाट अकराशे होती. मासिकात परदेशी शर्यतीच्या गाड्या पाहून मला वाटलं, आपलीही गाडी पुढून खाली असावी. वडील परगावी गेले असताना मी पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे हॅक्सॉनं कापून टाकले. गाडी झोकात दिसायला लागली. स्प्रिंग कापली की ती आखूड होते तशी कडकही होते, आणि तिला दबायला जागाच उरत नाही, एवढी अक्कल तेव्हा नव्हती. वडील आले, गाडीकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सगळे कवळ्याच्या शांतादुर्गेला निघालो. ती आमची कुलदेवता. आजीचं वय ऐंशीच्या घरात. “एकदा आईची ओटी भरायची राहिलीय,” असं ती वर्षभर म्हणत होती. पिशवीत गुळेदगुड्डचा खण आणि नारळ. खानापूर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाटात शिरलो. गाडीत पाच माणसं आणि सामान. एका खड्ड्यात पुढची बाजू खाली आदळली आणि दगडावर इंजिनाचं चेंबर फुटलं. बघता बघता सगळं तेल रस्त्यावर सांडलं. दुपारभर आम्ही घाटात बसलो. संध्याकाळी एका ट्रकवाल्यानं गाडी ओढत मागे आणली. आजी ट्रकच्या केबिनमध्ये खण-नारळाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याच माघात ती गेली. ओटी राहिली ती राहिलीच.

वडिलांनी मुंबईहून नव्या स्प्रिंगा मागवल्या. मला एका शब्दानं रागावले नाहीत. पण पुढे चार वर्षांनी गाडी विकली तोवर त्यांनी किल्ली पुन्हा कधी माझ्या हातात दिली नाही आणि मीही मागितली नाही.

“स्प्रिंग मुंबईहून आली,” मी नातीला म्हटलं. “तुझ्या आजोबांच्या भावानं हात लावलेली चासी कुठून आणशील? जे बसवशील ते नटबोल्टनं बसव. उद्या तुला किंवा तुझ्या मुलांना ते काढावंसं वाटलं तर पाना लावून काढता आलं पाहिजे.”

ती बराच वेळ त्या खडूच्या रेघेकडे पाहत होती. मग तिनं फडकं ओलं करून रेघ पुसून टाकली. त्या रात्री जेवताना मुलानं विचारलं, “बाबा, आजोबा खरंच काही बोलले नाहीत?” कितीतरी वर्षांनी आम्ही बापलेक उशिरापर्यंत बोलत बसलो.

पुढचे आठवडे कामात गेले. मुलगा शनिवारी आमच्याबरोबर पाने द्यायला उभा राहू लागला. नळ्या जोडल्यावर पंक्चरवाल्यासारखं साबणाचं पाणी प्रत्येक सांध्यावर लावून बुडबुडे पाहिले. दोन सांधे गळके निघाले. रात्रभर गाडी उभी करून सकाळी फूटपट्टीनं उंची मोजली. चौथ्या दिवशी ती तसूभरही हलली नाही, तेव्हा आबांनी सगळ्यांना मेक्सिकन गोड पाव खाऊ घातले.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, म्हणजे हे वाचून कुणी उद्याच गॅरेज गाठायला नको. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील मूळ बनावटीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीबाहेरच्या बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल तर ती मूळ रूपात असावी लागते. तेव्हा आजोबांची फियाट घरात असेल तर तिला आहे तशीच जपा. कायदा म्हणतो म्हणूनही, आणि मी म्हणतो म्हणूनही.

सप्टेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी इम्पाला बाहेर काढली. स्टिअरिंगवर नात, शेजारी इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले आबा, मागच्या लांबलचक सीटवर आम्ही तिघं. बटण दाबल्यावर फुस्स आवाज करत गाडी हलकेच खाली आली. आम्ही किंग रोडला लागलो. वेग फार तर सायकलचा. पदपथावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं हात वर करत होती. एक आजी उठून उभी राहिली आणि आबांना त्यांच्या भावाचं नाव घेऊन काहीतरी ओरडून म्हणाली. आबांनी हात वर केला, पण त्यांना बोलता आलं नाही. स्टोरी रोडच्या चौकाआधी रस्ता उंचसखल होता. सौ. नकळत पुटपुटली, “निधान री, निधान.” नातीनं आरशातून विचारलं, त्या काय म्हणाल्या?

मी सांगितलं, आमच्या घरातल्या एका भाषेत याचा अर्थ ‘सावकाश’. आणि दुसऱ्या भाषेत हाच शब्द ‘जपून ठेवलेला ठेवा’ या अर्थानं येतो. तिनं तो आजोबांना स्पॅनिशमध्ये समजावून सांगितला. “निधान,” आबा म्हणाले आणि नातीनं गाडी दोन बोटं उचलून खड्डा पार केला.

परत आल्यावर त्यांनी मला गॅरेजमध्ये नेलं. काढलेल्या चारही मूळ स्प्रिंगा ग्रीस लावून, कापडात गुंडाळून फळीवर ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी, कुठल्या चाकाची ती. अक्षर नातीचं होतं.

आम्ही ऑक्टोबरात परत आलो. मुलगा दिवाळीला आठ दिवस रजा काढून आला. त्यानं स्वतःहून गाडी ठरवली आणि चोर्ल्यानं जाऊ या म्हणाला. मी म्हटलं, नको, अनमोडनंच जाऊ. सौ.च्या पिशवीत गुळेदगुड्डचा खण आणि नारळ होता. घाट लागला तशी तिनं मागून मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. यावेळी ती काही म्हणायच्या आधी त्यानंच गाडी हळू केली.